लॉक-इनमधून बाहेर पडताना

सही केली की विषय संपला, असं मी भाडेकरू म्हणून वर्षानुवर्षं मानत आले. अकरा महिन्यांच्या करारात सहा महिन्यांचा लॉक-इन असेल आणि मध्येच घर सोडावं लागलं, तर उरलेलं भाडं मुकाट्यानं मोजायचं. ऑफिसातली एक मुलगी डिपॉझिटवरून घरमालकाशी भांडत होती, तेव्हा मी तिलाच समजावलं होतं, "अगं, वाचूनच सही केलीस ना?" दिलेला शब्द पाळावा, हे मला आजही तितकंच वाटतं. पण घर सोडताना तो कसा पाळायचा, याबद्दलचं माझं मत आता पार बदललं आहे.

साताऱ्यात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. कोथरूडचं भाड्याचं घर सोडून मला तिच्याजवळ जायचं होतं आणि लॉक-इन अजून निम्माही झाला नव्हता. मी महिन्याची लेखी नोटीस दिली. घरमालक काका सज्जन माणूस. "तुमची अडचण कळते हो, पण लॉक-इनचं भाडं करारात आहे. डिपॉझिटमधून वळतं करतो," म्हणाले. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात एजंट घर दाखवायला माणसं आणू लागला आणि माझं सामान बांधून व्हायच्या आत एका जोडप्यानं टोकन दिलं, तेही माझ्यापेक्षा जास्त भाड्यानं. मग त्याच घराचं, त्याच महिन्यांचं भाडं काकांना दोघांकडून मिळणार होतं. हे मला पटेना.

भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याचं कलम 74 सांगतं, की करार मोडल्यावर द्यायची रक्कम आधी लिहून ठेवली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच. लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं: नुकसानच झालं नसेल, तर भरपाईही नाही. ते मोजणं अवघड असेल, तर आधी प्रामाणिक अंदाजानं ठरवलेली रक्कम धरता येते. आणि कलम 73 म्हणतं, नुकसान टाळायचे कोणते मार्ग हाताशी होते तेही बघा. रिकामं घर पुन्हा भाड्यानं देणं हा तर सगळ्यात सरळ मार्ग.

म्हणून भाडेकरूनं वाटेल तेव्हा उठून चालू लागावं, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या भरवशावर घरमालकानं दुसऱ्या कुणाला नाही म्हटलेलं असतं, रंग काढलेला असतो, दलाली आणि नोंदणीचा खर्च केलेला असतो. कोथरूडमध्ये घर चटकन जातं. लहान गावात ते कित्येक महिने पडून राहू शकतं, आणि ज्याचं घर त्या भाड्यावर चालतं त्याला ते झेपत नाही. तो तोटा भाडेकरूनं भरलाच पाहिजे. काकांना मी तेच म्हटलं: घर रिकामं राहील तेवढ्या दिवसांचं भाडं आणि नव्यानं होणारी दलाली, नोंदणी माझ्याकडून घ्या, त्यापुढचं घेऊ नका. ते दुखावले, पण हिशेबाला बसले आणि उरलेली अनामत परत केली.

लॉक-इन नसावाच, असंही मला वाटत नाही. मुलांची शाळा चालू असताना घरमालकानं घर रिकामं करायला सांगू नये, यासाठी तो हवा. पण तो दोघांनाही बांधणारा हवा. केवळ भाडेकरूला बांधणारं कलम आता मी सहीआधी बदलून मागते.

साताऱ्याचा आमचा वरचा मजला आता भाड्यानं द्यायचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे कराराच्या नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे या वेळी आमची. मसुद्यात मी लिहिलंय: लॉक-इन दोघांना लागू, भाडेकरू आधी गेला, तर नवा येईपर्यंतचं भाडं त्यानं द्यायचं, फार तर दोन महिन्यांचं. आईला दोन महिने कमी वाटतात. त्यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.