वयाच्या उतरंडीने

गिरगावच्या चाळीतल्या ज्या दोन खोल्यांत आम्ही चुलत भावंडं वाढलो, तिथे आजोबांच्या आरामखुर्चीत कुणी बसत नसे. बसू नका, असं कुणी सांगितल्याचंही आठवत नाही. चाळिशी ओलांडलेले थोरले काका मिलमधून दमून आले तरी जमिनीवर भिंतीला टेकत. ते रोज पाहणाऱ्या पोरांना वेगळं काय सांगायचं?

दिवेलागणीला शुभंकरोती झालं की वयाच्या उतरंडीने सगळ्यांना नमस्कार. परीक्षेच्या सकाळी हा नमस्कार घरापुरता राहत नसे. शेजारच्या काकू, टोकाच्या खोलीतले मास्तर, असं सगळ्यांच्या पाया पडत जिना गाठेपर्यंत हातावर दोनदा तरी दही-साखर पडलेली असे. गॅलरीत उलट उत्तर दिलं तर शेजारचे अण्णा कान पिळत. ती तक्रार घरी न्यायची सोय नव्हती. तिथे दुसरा कान पिळला जाई. आजोळी 15 पैशांचं कार्ड लिहायचं तर वर ‘तीर्थरूप’ हवंच, खाली थोरांना साष्टांग नमस्कार आणि धाकट्यांना आशीर्वाद. जागा अपुरी पडली तर मजकूर आखडायचा, मायना नाही.

या आदरात भीती होती, हे खरंच. त्याचा भार सुनांनी फार सोसला. आई आणि काकू सगळ्यांची पानं उठल्यावर जेवत. ते परत यावं असं आम्हा भावंडांपैकी कुणालाच वाटत नाही. आता भाची आपल्या वडिलांना ‘अरे बाबा’ म्हणते, ते कानाला गोडच लागतं. ती त्यांच्याशी जे बोलते, ते आम्हाला कधी बोलता आलं नाही.

दुखतं ते वेगळंच. आजी काही सांगत असते आणि नातवाची मान मोबाइलमधून वर येत नाही. बसमध्ये ज्येष्ठांच्या राखीव जागेवर तरणाबांड मुलगा बसून राहतो, समोर काठी टेकलेले आजोबा दांड्याला लोंबकळतात. संताप येतो. पण 2007 मध्ये संसदेला आई-वडिलांच्या चरितार्थासाठी कायदा करावा लागला, पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अर्ज करायची सोय द्यावी लागली, तेव्हा आजची ही पोरं कुठे होती? ज्यांच्याविरुद्ध ही सोय द्यावी लागली ती मुलं मोठी झालेली होती, बरीचशी आमच्याच वयाची, रोज वाकून नमस्कार करत वाढलेली.

म्हणजे नुसत्या वाकण्याने आदर मुरला नव्हता. जिथे मुरला, तिथे काकांसारखं कुणीतरी रोज डोळ्यांसमोर होतं. आज आजी-आजोबा डोंबिवलीला, मुलगा-सून पुण्याला. आपला बाप त्याच्या बापाशी कसा वागतो, हे नातवाला दिसतं ते सणासुदीला, तेही परतीची गाडी गाठायच्या घाईत. दिवाळीतल्या पाया पडण्यावर आम्ही समाधान मानू नये. सुट्टीचा महिनाभर नातवंडांनी त्या घरात राहावं, आणि त्यातले काही दिवस त्यांच्या आई-बापांनीही.