मुदतीचा हिशेब

आम्ही दोघे मालाडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आयुष्य मराठीत गेले, तरी अलीकडे आमच्या हातून सर्वाधिक लेखन होते ते इंग्रजीत, आणि तेही शिफारसपत्रांचे. परदेशी विद्यापीठांसाठी पत्र मागायला मुले आमच्याकडे येतात ती विषयासाठी नव्हे. आम्ही त्यांना नावानिशी ओळखतो, म्हणून.

यंदा आली ती विद्यार्थिनी कुरारची. वडील सोमवार बाजारातल्या एका दुकानात हिशेब लिहितात. तिचा मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला मराठी. सप्टेंबर २०२६ पासूनच्या, इंग्लंडमधील एका वर्षाच्या एम.ए.साठी तिला अर्ज करायचा होता. सोबत वडिलांच्याच वळणाची हिशेबाची वही होती. राहती खोली तारण ठेवून कर्ज, एक वर्ष शिक्षण, मग तिथेच दोन वर्षे नोकरी, आणि त्या पगारातून कर्जाची फेड.

ही दोन वर्षे तिने कल्पनेने धरली नव्हती. शिक्षणानंतर दोन वर्षे राहू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा ब्रिटनने जुलै २०२१ मध्ये सुरू केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले की १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांना तो अठरा महिन्यांचाच मिळेल. तिचे शिक्षण संपणार २०२७ च्या शरदात. वहीतला २४ हा आकडा खोडून तिने १८ लिहिला होता. त्याखालची बेरीज मात्र कोरी होती.

दुसरी दारे तरी कुठे सताड उघडी आहेत? विद्यार्थ्याने खर्चासाठी दाखवायची रक्कम कॅनडाने जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली आणि परवान्यांवर मर्यादाही घातली. अमेरिकेने २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबवले, आणि सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. कोणाला घरात घ्यावे हे यजमानाने ठरवावे, हे आम्हांला मान्य आहे. पण पंगत बसल्यावर ताटे उचलू नयेत, एवढी अपेक्षा गैर म्हणावी काय?

तिला धीर द्यावा म्हणून आम्ही शिक्षकी सवयीने दाखला दिला तो डॉ. आंबेडकरांचा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे त्यांनी आपल्या मुंबईतच सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाले. चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती.

तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मॅडम, पण त्यांना दिलेली चार वर्षे चारच राहिली ना?"

आम्ही दोघेही गप्प झालो. इतकी वर्षे हा प्रसंग वर्गात सांगताना आमचा सारा भर बाबासाहेबांच्या जिद्दीवर असे, आणि तो योग्यच होता. पण त्या जिद्दीला पाय रोवायला एक न हलणारी तारीख होती, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. नियम कठोर असला तरी माणूस त्याच्याशी झुंजू शकतो. सरकत्या नियमाशी झुंजायचे कसे? आणि घर तारण ठेवणाऱ्याला जिद्दीचा उपदेश करताना आम्ही स्वतः काय पणाला लावतो?

तिने तूर्त एक वर्ष थांबायचे ठरवले आहे. इथे नोकरी करील, शिल्लक टाकील, मग पाहील. तेव्हा अठराचे बारा झालेले नसतील, असे आम्ही तिला सांगू शकलो नाही. जाताना म्हणाली, "सर, पत्र तेवढं लिहून ठेवा."

ते आम्ही लिहिले आहे. तारखेची जागा मोकळी सोडली आहे.