चार भिंतींतले आकाश

निपाणीहून रात्रीच्या बसने निघालेला माणूस सकाळी बेंगळुरूला उतरतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कामानिमित्त मीही असाच उतरलो. काम दुपारीच आटोपले, म्हणून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे २००१ साली उघडलेले विमानसंग्रहालय पाहावयास गेलो. तेथे एचटी-२ या लहानशा शिकाऊ विमानासमोर पाऊल थबकले. भारतातच आखलेले व घडविलेले हे विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले. त्याचे प्रमुख रचनाकार डॉ. घाटगे. त्यांचा जन्म १९०८ मधला, गाव कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू. राज्यसीमेची रेघ सोडली, तर आमच्या शेजारचेच. तेथून हा माणूस जर्मनीतील गटिंगेनला जाऊन प्रांटल यांच्यापाशी वायुगतिशास्त्र शिकला.

तेव्हा मला माझा एक विद्यार्थी आठवला. ऐन व्याकरणाच्या तासाला त्याने कागदी विमान सोडले होते. ते वर्गाला वळसा घालून माझ्या टेबलावर उतरले. मी ते चुरगाळले आणि त्याला बाहेर उभे केले. पुढे सातवीनंतर तो तंबाखूच्या वखारीत लागला. कारण घरच्या ओढगस्तीचे होते. पण ते विमान चुरगाळणारा हात माझा होता.

परतल्यावर मी या विषयाचे वाचन केले. बंद दालनात विमानाच्या प्रतिकृती उडविण्याची एक स्वतंत्र विद्याच आहे. पिळलेले रबर उलगडते, त्यावर पंखा फिरतो आणि विमान संथपणे घिरट्या घेते. जागतिक स्पर्धेतील अशा विमानाचे रबराशिवाय किमान वजन १.४ ग्रॅम, रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही कमी! अर्ध्या तासाहून अधिक काळ ती छताखाली तरंगल्याच्या नोंदी आहेत. रुमानियात स्लानिक येथील मिठाच्या खाणीत या स्पर्धा भरल्या आहेत, कारण तेथे वारा नाही. उघड्यावर वारा कधी साथ देतो, कधी दगा. आत मात्र विमानाला आपल्या हातच्या कामाखेरीज दुसरा आधार नाही.

आमच्या शाळेला खाण कुठली? एक सभागृह आहे. बांबूच्या बारीक कामट्या, बाशिंगाला लागते ते भेंड, पतंगाचा कागद आणि रबर एवढ्यावर मुलांनी शनिवारी काम आरंभिले. पहिली विमाने सरळ जमिनीवर आली. डिंक फार झाला होता. मुलांनी कामट्या तासल्या, डिंक थेंबाथेंबाने मोजला. वजन म्हणजे काय, हे मी इतक्या वर्षांत फळ्यावर इतके स्पष्ट शिकवू शकलो नव्हतो.

एका शनिवारी खिडक्या लावल्या, पंखे थांबविले. सहावीतल्या एका मुलीने विमान सोडले. ते हेलकावत वर गेले, एक वळसा पुरा केला आणि भिंतीला न टेकता उतरले. नऊ सेकंद. १८७१ साली पॅरिसच्या बागेत पेनो या फ्रेंच तरुणाचे रबरावरचे विमान अकरा सेकंद उडाले होते. आम्ही दोन सेकंदांनी मागे!

मुलीला न्यावयास आलेले तिचे वडील दारात उभे होते. ओळख पटावयास मला क्षणभर लागला. उकाडा होता, म्हणून मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"गुरुजी, पंखा नको," तो हळूच म्हणाला, "ती आणखी एकदा सोडणार आहे."

मी हात मागे घेतला.