दुसरा रिमोट

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोरगा गेम सोडत नाही, काय करायचं?" विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात. त्यांच्या प्रश्नातला 'गेम' हा शब्द असा येतो, जणू सगळे गेम एकाच माळेचे मणी. मला तसं वाटत नाही. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईने या विषयात बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण नव्वदच्या दशकात कोल्हापुरात लहानाची मोठी झालेल्या आम्हा भावंडांच्या कितीतरी सुट्ट्या मारिओ आणि कॉन्ट्रात गेल्या आहेत, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे.

हे गेम जपानी आहेत, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. तिघांची ईदी आणि अब्बांनी वरून घातलेली भर, यातून घरात एक खोका आला. त्यावर निन्टेन्डो हे नाव कुठेही नव्हतं. क्योटोच्या या कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम', म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर, नावाचं यंत्र काढलं. आमच्याकडे आली ती त्याची नक्कल. कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं. मोजायला बसलं की वीस-पंचवीसच भरायचे, बाकी तेच नावं बदलून. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीने खरंच काही होत होतं का, देव जाणे.

मारिओची खरी किंमत मला बी.एड.ला कळली. सोप्याकडून कठिणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, ही सूत्रं आम्ही पाठ करत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे १९८५च्या सुपर मारिओची पहिली पायरी येत होती. समोरून एकच शत्रू येतो. उडी मारली नाही तर मराल, आणि मेलात तरी दहा पावलांपासूनच पुन्हा सुरुवात. मग विटेतून मशरूम निघतो, पुढच्या पाइपला धडकून तुमच्याकडेच परत येतो; चुकवायचा म्हटलं तरी अंगावर आदळतो आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षर न लिहिता समजलं की हा चांगला. ही पायरी शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सोबत्यांनी नवख्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून रचली होती. इतकं नेटकं पाठ टाचण मी तरी अजून कुणाचं पाहिलेलं नाही.

हा अख्खा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा. आपल्या मोबाइलवर येणारा 'जुम्मा मुबारक'चा एक फोटोसुद्धा याहून जड असतो. जागा वाचवायला त्यांनी काय केलं, तर ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच ठेवलं. रंग तेवढा बदलला. मुलांना हे दाखवलं की वर्गात एकच गलका होतो. आणखी एक गंमत सांगते. जपानी पुस्तकं आपल्या उर्दूसारखी उजवीकडून उघडतात, पण मारिओ पळतो तो मराठीसारखा, डावीकडून उजवीकडे. मागे गेलेला पडदा पुन्हा येत नाही.

आता जे खटकतं तेही बोलते. फॅमिकॉमच्या दोन रिमोटांपैकी दुसऱ्याला 'स्टार्ट'चं बटणच नव्हतं. आमच्या नकलेतही नव्हतं. गेम सुरू करणं, मध्येच थांबवणं, सगळं पहिल्याच्या हातात. आणि पहिला अर्थातच भाईजानचा. मारिओत दुसऱ्याची पाळी पहिला मेल्यावर येते. भाईजान काही लवकर मरायचा नाही. अम्मीची हाक आली की उठायचं मात्र मला, कारण मी 'नुसतीच बसलेली' असायची. शिवाय सगळी धडपड कशासाठी, तर किल्ल्यात बसलेल्या राजकन्येला सोडवायला. तिला अख्ख्या गेममध्ये वाट पाहण्यापलीकडे काम नाही. निन्टेन्डोच्याच १९८६च्या मेट्रॉइडमध्ये गेम झटपट संपवला तर चिलखतातला वीर बाई असल्याचं उघड होतं, हे मी फार उशिरा वाचलं. तो आमच्या कॅसेटवर नव्हता.

मला न्याय मिळाला तो कॉन्ट्रात आणि रणगाड्यांच्या 'बॅटल सिटी'त. तिथे दोघं एकाच वेळी खेळतात. कॉन्ट्रातली गोळीबाराची रेलचेल मला आजही आवडत नाही, पण त्यातली धबधब्याची पायरी विसरता येत नाही. एकजण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. भाईजानला पहिल्यांदा थांबून माझ्याकडे बघावं लागलं ते तिथे. बॅटल सिटीत साथीदाराला गोळी लागली तर तो काही क्षण जागेवर खिळतो, आणि आपल्याच गोळीने आपला गरुड फुटला तर डाव खलास. भांडणं व्हायची, पण शेजारी बसून व्हायची.

म्हणून जुनं ते सोनं आणि जपानी ते उत्तम, असं म्हणायला मी तयार नाही. मोबाइलवरचं जे दुखणं पालक घेऊन येतात, त्याचं एक मूळही जपानातच आहे. नाणं टाकून कुठलं खेळणं निघेल ते न सांगणारी यंत्रं तिथे असतात. त्यावरून 'गाचा' पद्धत आली: पैसे भरा, आत काय आहे ते नंतर कळेल. २०१२ साली जपान सरकारने त्यातला एक प्रकार बेकायदा ठरवला. नशिबावर पैसा लावणं याला आपल्या घरांत काय म्हणतात, ते मी सांगायला नको. आमच्या कॅसेटने एकदा घेतलेल्या पैशांवर कधी पुन्हा हात पसरला नाही. मारिओला बत्तीस पायऱ्या होत्या, त्या संपायच्या. मध्ये ठेवून उद्या पुढे खेळायची सोय नव्हती; वीज गेली की सगळं पहिल्यापासून. वीज तर जायचीच.

म्हणून त्या आयांना मी सांगते, आधी पोराच्या शेजारी बसा. गेम संपतो का? पैसे मागतो का? दुसऱ्याला खेळायला जागा आहे का? मग बंद करायचा की नाही ते ठरवा.

गेल्या सुट्टीत माझ्या मुलांसाठी तसलाच एक स्वस्तातला खोका आणला. डक हंटची बंदूक आमच्या नव्या सपाट टीव्हीवर चाललीच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो टिपतो. ते जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेशी बांधलेलं. मुलगा हिरमुसला. मुलगी मात्र बॅटल सिटीतल्या नकाशा बांधायच्या सोयीत रमली. विटांच्या भिंती रचत होती. पहिला रिमोट तिच्या हातात होता, आणि धाकटा तिला सांगत होता, "आपा, माझ्यासाठी इथे वाट ठेव ना!"