सहा महिन्यांचा धनी

जोयडा, जि. उत्तर कन्नड
आषाढ शु. पंचमी

चि. भाऊस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. पुनर्विकासाच्या पायी तुमच्या सोसायटीत चार वर्षं सभा चालल्या आहेत, एकमत होत नाही, आणि आता अध्यक्षांना सर्वाधिकार द्यायचा ठराव येतोय, हे वाचलं. माणूस सचोटीचा आहे असं तू लिहिलंस आणि माझा त्यावर विश्वास आहे. शेवटी विचारलंस, रोमन लोक अडचणीच्या वेळी एकाच्याच हाती सगळं देत असत ना, मग बिघडलं कुठे? इथे चार दिवस पावसाने तोंड वर काढू दिलेलं नाही, लाईट येते आणि जाते, फोन लागला तर लागला. म्हणून सविस्तर लिहिते. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा पत्र लांबेल.

रोममधून राजे हाकलले गेले, ते परंपरेप्रमाणे इ.स.पू. 509 मध्ये. त्यानंतर तिथे दोन कॉन्सल एका वर्षासाठी निवडत. दोघांचा अधिकार सारखा, आणि एकाने काढलेला हुकूम दुसरा अडवू शकत असे. शांततेच्या काळात हे फार शहाणपणाचं. पण शत्रू वेशीवर आला की दोन डोकी दोन दिशांना ओढणार. त्यावर रोमन लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे डिक्टेटर. आज हा शब्द शिवीसारखा वापरतात. तिथे ते कायद्याने नेमलेलं एक पद होतं, आणि त्या पदाला चारी बाजूंनी कुंपण घातलेलं होतं.

नेमणुकीची रीतच बघ. सिनेटने सल्ला द्यायचा आणि कॉन्सलने रात्रीच्या वेळी, निःशब्द शांततेत, एकाचं नाव घ्यायचं. उमेदवारी नाही, प्रचार नाही. कॉन्सलपुढे बारा लिक्टर, म्हणजे भालदार-चोपदारांसारखे सेवक, चालत. डिक्टेटरपुढे चोवीस. त्यांच्या खांद्यावरच्या छड्यांच्या जुडग्यात कुऱ्हाड खोचलेली असे. एरवी शहराच्या हद्दीत ही कुऱ्हाड काढून ठेवावी लागे, डिक्टेटरच्या लिक्टरांना ती ठेवायची मुभा होती. कॉन्सल आपापल्या जागी राहत, पण त्याच्या हाताखाली. हाताखाली घोडदळाचा सरदारही तो स्वतः नेमी. मात्र स्वतः घोड्यावर बसायचं तर त्याला खास परवानगी घ्यावी लागे! सगळ्या रोमचा धनी, आणि घोड्यासाठी परवानगी. मुलांना हे सांगितलं की वर्ग हसायचा. मी म्हणायची, हसा, पण लक्षात ठेवा.

मुख्य कुंपणं दोन. एक म्हणजे काम. नेमतानाच सांगितलेलं असे की हा माणूस लढाईसाठी, हा निवडणूक घेण्यासाठी, हा बंडाळी मोडण्यासाठी. इ.स.पू. 363 मध्ये रोममध्ये साथ आली होती, तेव्हा ल्युसियस मॅनलियस या माणसाला डिक्टेटर केलं ते ज्युपिटरच्या देवळात विधिपूर्वक एक खिळा ठोकण्यासाठी. त्याने त्या अधिकारावर युद्धाची तयारी सुरू केली. लोक इतके खवळले की त्याला पद सोडावं लागलं. खिळ्यासाठी दिलेली सत्ता तलवारीला चालत नाही, एवढी साफ समज त्या लोकांना होती. दुसरं कुंपण मुदतीचं: फार तर सहा महिने, आणि काम आधी संपलं तर त्याच दिवशी घरी.

सिनसिनाटसची गोष्ट तुला शाळेत सांगितलेली आठवत असेल. इ.स.पू. 458. एक्वी लोकांनी कॉन्सलच्या सैन्याला डोंगरात कोंडलं. सिनेटची माणसं टायबर ओलांडून गेली, तेव्हा हा आपल्या चार युगेरा जमिनीत राबत होता. चार युगेरा म्हणजे जेमतेम अडीच एकर. इथल्या एखाद्या कुणब्याच्या भाताच्या वाफ्यांएवढीच म्हण. बायकोला त्याने झोपडीतून अंगवस्त्र आणायला सांगितलं, घाम-धूळ पुसली आणि निघाला. इतिहासकार लिव्ही सांगतो की प्रत्येक शिपायाला पाच दिवसांची शिदोरी आणि बारा मेखा घेऊन यायला सांगितलं होतं. त्या मेखांनी रातोरात शत्रूभोवतीच कूस घातली. सोळाव्या दिवशी त्याने पद सोडलं. लिव्ही लिहितो तो त्यानंतर चारशे वर्षांनी, त्यामुळे यातलं किती घडलं आणि किती रचलं गेलं यावर अभ्यासक वाद घालतात. पण रोमन आईबाप आपल्या मुलांना हीच गोष्ट सांगत, हे खरं.

मला स्वतःला सिनसिनाटसपेक्षा फेबियस ब्यूटिओ जास्त आवडतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत शत्रूचा सेनापती हॅनिबल याने रोमचं सैन्य कापून काढलं. मेलेल्यांत सिनेटर इतके की सभागृह ओकंबोकं झालं. नवे सिनेटर भरण्यासाठी या म्हाताऱ्याला डिक्टेटर केलं. तो व्यासपीठावर चढला आणि पहिल्याप्रथम आपल्याच नेमणुकीतले दोष बोलून दाखवले: एक डिक्टेटर आधीच असताना दुसरा नेमला, घोडदळाचा सरदार न देता नेमला, लढाईचं काम नसताना सहा महिने दिले. मग म्हणाला, मी कुणालाही काढणार नाही, फक्त मेलेल्यांच्या जागा भरीन. एकशे सत्त्याहत्तर नावं वाचली. तिथल्या तिथे पद सोडलं, चोवीस लिक्टरांना घरी पाठवलं आणि खाली उतरून गर्दीत मिसळला. घरी पोचवायला लोकांची मिरवणूक निघू नये, म्हणून चौकात मुद्दाम वेळ काढत राहिला. तरी लोक मागोमाग गेलेच.

असं चाललं इ.स.पू. 202 पर्यंत. पुढे एकशे वीस वर्षं डिक्टेटर नेमलाच नाही. मग इ.स.पू. 82 मध्ये सुल्ला नावाचा रोमन सेनापती सैन्य घेऊन रोमवरच चालून आला आणि त्याने ते जुनं पद उकरून काढलं. काम काय? कायदे करणं आणि राज्याची घडी बसवणं. मुदत? लिहिलीच नाही. ठार मारायच्या माणसांच्या याद्या चौकात लागल्या. सुल्लाने पुढे पद सोडलं, पण वाट पडून गेली होती. सीझर पहिल्यांदा डिक्टेटर झाला तो अकरा दिवसांसाठी, मग वर्षासाठी, मग दहा वर्षांसाठी, आणि इ.स.पू. 44 च्या फेब्रुवारीत तहहयात. 15 मार्चला त्याचा खून झाला. मग अँटनीने कायदा करून ते पदच मोडीत काढलं.

आपल्या तालुक्याला इथली जुनी माणसं अजून सुपेच म्हणतात. मूळ सुपे गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या, नाव तेवढं तोंडी राहिलं. डिक्टेटर या पदाचं तसंच झालं. आतलं गाव केव्हाच बुडालं होतं, सीझरच्या हाती नुसती पाटी होती.

आता आपल्या घरचं उदाहरण. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले, 11 मार्चला त्यांना मारलं. रायगडाला वेढा पडला. येसूबाईंनी राजाराम महाराजांना गडाबाहेर काढलं. ते पन्हाळ्याहून वेष पालटून जिंजीकडे निघाले, वाटेत केळदीच्या राणी चन्नम्माने पाठीशी घातलं. केळदी इथून फार दूर नाही, आपल्या जिल्ह्याची हद्द संपते त्याच्या पलीकडे. नोव्हेंबरात रायगड पडला. राजा शेकडो मैलांवर, औरंगजेब दारात, खजिना रिकामा. तेव्हा इकडचा सगळा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला आणि त्यांना किताब दिला ‘हुकूमतपनाह’. हुकूमत म्हणजे सत्ता आणि पनाह म्हणजे आसरा. विशाळगडाचा आधार धरून, शंकराजी नारायणांना हाताशी घेऊन, पंतांनी गड राखले, गेलेले गड परत घेतले, संताजी-धनाजींच्या फौजांना पोसलं. जिंजीला विचारत बसले असते तर एका पत्राच्या जाण्या-येण्यात दोन गड गेले असते.

पंतांच्या अधिकाराला तारीख नव्हती. साधारण नऊ वर्षं तो त्यांच्याकडे राहिला. 1698 मध्ये जिंजी पडली, राजाराम महाराज परत आले, आणि पंत पुन्हा धन्यासमोर हात जोडून उभे राहिले. रोममध्ये कुंपण मुदतीचं होतं, इथे धन्याचं. प्रत्येक सनद छत्रपतींच्या नावाने निघे, आणि छत्रपती जिवंत होते. एवढी सत्ता वापरलेल्या माणसाने पुढे 1715 च्या सुमारास राज्यकारभारावर ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात आरमाराला लाकूड हवं असलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, अगदी जीर्ण झाड लागलंच तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं, असं बजावलं आहे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आम्हा लोकांना ते वाचून भरून येतं. पण पंतांच्या काळाची किंमतही लपवू नये. सरदारांना धरून ठेवायला वतनं द्यावी लागली, आणि तात्पुरत्या नडीला दिलेली वतनं पुढे कुणाला मागे घेता आली नाहीत. वतनदारांपासून सावध राहायला आज्ञापत्र सांगतं, ते बहुधा पोळलेल्या हातानेच लिहिलं असावं.

आणखी एक, आपल्या आजोबांच्या पिढीतलं. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना 5 मे रोजी पकडलं, तेव्हा धारासण्याच्या सत्याग्रहाची धुरा अब्बास तय्यबजींकडे गेली, त्यांना पकडल्यावर सरोजिनी नायडूंकडे. आपल्या जिल्ह्यात अंकोल्याला 13 एप्रिललाच कायदा मोडला गेला होता. जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. 1932 मध्ये सरकारने काँग्रेसच्या समित्याच बेकायदा ठरवल्या, मग समितीच्या जागी एकेक माणूस नेमू लागले, आणि त्याला चक्क ‘डिक्टेटर’ म्हणत. हाती ना फौज ना तिजोरी. पकडलं जायच्या आधी पुढच्याचं नाव सांगून ठेवायचं, आणि तुरुंगात जायचं. ते पद मिळावं म्हणून कोण भांडणार?

भाऊ, या सगळ्यांत माणसं चांगली होती आणि वाईटही होती. सिनसिनाटस चांगला होता म्हणून रोम वाचलं, असं मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलं. आता मला ते अपुरं वाटतं. मॅनलियस चांगला नव्हता, तरी रोम वाचलंच, कारण त्याला काय काम दिलंय हे सगळ्यांना पाठ होतं. तुमच्या अध्यक्षांची सचोटी तू मला सांगतोस, ठरावाचे शब्द सांगत नाहीस. “काम पूर्ण होईपर्यंत” असं त्यात असेल तर काम पूर्ण झालं हे ठरवणार कोण? तेच ना?

तेव्हा सभेला जा, मागे बसू नकोस. अधिकार द्यायला हरकत नाही, चार वर्षं भांडून तुम्ही थकलात हे मी समजते. पण कशासाठी दिला ते एका वाक्यात लिहून घे: बिल्डरशी बोलणी करण्यासाठी की करारावर सही करण्यासाठी, ही दोन वेगळी कामं आहेत. कोणत्या तारखेला तो आपोआप संपतो ते लिहून घे. आणि दर महिन्याला हिशेब कुणापुढे ठेवायचा, त्याचं नाव घाल. अध्यक्ष खरोखर सचोटीचे असतील तर तेच तुझ्या बाजूने बोलतील. तारखेची जागा कोरी सोडलेली असेल, तर तू सही करू नकोस, आणि शेजारच्यांनाही करू देऊ नकोस.

ठरावाची प्रत मला टपालाने पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझी आत्या