लोधीखेड्याचे पाहुणे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सावनेर मागे पडले आणि मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली की लोधीखेडा लागते. येथे राज्य बदलते, परंतु बोली बदलत नाही. सौंसर व पांढुर्णा हा भाग पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. सरत्या हिवाळ्यात येथे गेलो असता आम्हांस मात्र संत्र्यांहून अधिक मोह पडला तो पाखरांचा.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकांना हिवाळी पाहुणे नवे नाहीत. वसई-उत्तनच्या पुळणीवर उतरणारे कुरव पक्ष्यांचे थवे त्यांनी पाहिलेच असतील. लोधीखेड्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही पाहुणचाराचा मान परमेश्वराने या भूमीलाही दिला आहे. येथील जाम व कन्हान नद्यांचा हा प्रदेश. नदीकाठच्या ओल्या वाळूत शेपूट खालीवर हलवीत तुरुतुरु धावणारा पांढरा परीट दिसतो. टीचभर देहाचा हा जीव हिमालय आणि त्याच्याही पलीकडच्या थंड प्रदेशांतून येथवर येतो. जवळच टिटवी ओरडत असते, आणि विजेच्या तारेवर नीळकंठ ध्यानस्थ बसलेला असतो. हे दोघे मात्र बारमाही रहिवासी.

या दिवसांत संत्र्याच्या बागेला दुहेरी शोभा असते. आंबिया बहाराच्या बागेत पांढऱ्या फुलांचा सुगंध दरवळतो, तर मृग बहाराच्या बागेत पिकलेली फळे तोडणीची वाट पाहत असतात. बांधावरचा पळस पेटल्यासारखा फुललेला असतो. त्यावर चिमुकले शिंजीर मध चोखतात, साळुंक्या भांडतात, आणि गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा एकाएकी येऊन सारे झाड गजबजून टाकतो.

भोरडीचे नाव काढताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ज्वारीच्या कणसांवर ती तुटून पडते, आणि तिच्यासाठी माळ्यावर गोफण घेऊन बसावे लागते, हे खरेच आहे. परंतु हिशेब करावयाचा तर दोन्ही बाजूंनी करावा. हीच भोरडी टोळ व किडे यांचा फडशा पाडते. तिची वीण मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत होते. चीनच्या सिंकियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचले जातात. जे काम विषारी औषधाने करावयाचे, ते तेथे पाखरांकडून करवून घेतले जाते. आपल्याकडे मात्र फवारणीचा हात सैल सुटला, तर किड्यांबरोबर त्यांना खाणारी पाखरे आणि फुलांवरील मधमाश्याही मरतात. मग कीड पुन्हा वाढली तर तिला आवरणारे कोणी उरत नाही. पाखराला दिलेला दाणा हा म्हणूनच केवळ दानधर्म नव्हे. ती त्याच्या श्रमाची मजुरी आहे.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. नव्या पिकाची कणसे ते ओसरीच्या वाशाला बांधीत, ती चिमण्यांसाठीच. आता कौले गेली, वासे गेले. सिमेंटच्या घरात चिमणीला घरट्यापुरती सांदही सापडत नाही. चिमणीची आठवण राहावी म्हणून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. नाशिकचे मोहम्मद दिलावर हे त्याचे प्रवर्तक. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणनाही होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारत २०१३ पासून सहभागी आहे. निदान पंधरा मिनिटे लक्ष देऊन पाहावे आणि दिसले ते पक्षी मोजून नोंदवावेत, एवढेच त्यात करावयाचे. मुलांना याहून सुंदर अभ्यास कोणता द्यावा?

पाखरांकडे पाहावयास सांगणारा पहिला गुरू आपला प्रभू येशूच होय. पेरणी-कापणी न करणाऱ्या त्या जीवांना स्वर्गीय पिता पोसतो, हे त्याने डोंगरावरील प्रवचनात शिकविले. यिर्मया संदेष्ट्याने तर आपली वेळ ओळखणाऱ्या प्रवासी पाखरांचा दाखला देऊन देवाला विसरलेल्या लोकांचे कान उपटले. पाखरांना भावंडे मानणारे असिसीचे संत फ्रान्सिस यांना १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरण जपणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

सरता हिवाळा म्हणजे आपल्या प्रायश्चित्तकाळाची सुरुवात. उपवास, प्रार्थना आणि दान यांच्या या दिवसांत प्रत्येक कुटुंबाने अंगणात, मांजराची झेप पोहोचणार नाही अशा जागी, पाण्याचा एक मातीचा परळ ठेवावा. तो रोज धुवावा. जवळ मूठभर ज्वारी किंवा बाजरी टाकावी. तेलकट, खारट उष्टे घालू नये. बागाईतदाराने झाडे फुलोऱ्यावर असताना फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी दोनदा विचार करावा. ईस्टर येईपर्यंत परीट व भोरड्या बहुधा आपापल्या देशी निघून जातील. पुढील हिवाळ्यात त्या परतल्या, तर येथील पाणी व दाणा त्यांना निर्विष मिळावा, एवढी व्यवस्था ठेवणे आपल्या हाती आहे.