आईचा अडकित्ता

भातकुलीच्या माणसाला विमान धरायचे तर पूर्वी जिल्ह्याबाहेर जावे लागे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले. आपली कष्टकरी माणसेही आता विमानात बसतील, म्हणून आमचा त्याआधीचा अनुभव सांगतो.

आईला घेऊन भावाकडे निघालो होतो. तपासणीत तिच्या बटव्यातून अडकित्ता निघाला. धारदार वस्तू जवळ ठेवून विमानात बसता येत नाही. "माह्या सासूचा हाय तो, बाबू," आई काकुळतीने म्हणाली. पण अडकित्ता तिथेच राहिला. तो मोठ्या बॅगेत टाकला असता तर सोबत आला असता. उतरल्यावर पाहतो तर बॅगेची चेन तुटलेली, सुनेसाठी घेतलेले नवे लुगडे गायब! आम्ही मुकाट्याने बाहेर पडलो. हीच आमची चूक.

बंधु-भगिनींनो, धारदार वस्तू मोठ्या बॅगेत ठेवा. पैसे, दागिने, पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत. बॅगेची चिठ्ठी जपा. बॅग फाटली किंवा आलीच नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या. नुकसानीच्या तक्रारीला ७ दिवसांची मुदत असते. तिकिटाचे पैसे आपणही मोजतो. मग विचारायला लाजायचे कशाला?